मशीन फडात बंद पडतं तेव्हा

विचारणारे लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आयटी विभागात नवीन लागले आहेत. शेतकी विभागातल्या ७० चिटबॉय (शेतावर जाऊन उसाच्या नोंदी घेणारे आणि चिठ्ठ्या देणारे) आणि त्यांच्यावरच्या ओव्हरसियरना अँड्रॉइडचे हँडहेल्ड (हातात धरायची मशीन) आणि कमरेला लावायचे ब्लूटूथ प्रिंटर दिलेत. दिवसभर फोन वाजतो. माणसं तीस-चाळीस किलोमीटरवर पसरलेली असतात. हंगाम तोंडावर आलाय. त्यांचा प्रश्न एवढाच आहे, की ऑफिसात बसून ही मशीन दुरुस्त करायला कोणतं रिमोट सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअरबद्दल सांगतो, पण शेवटी. धाराशिव-बीड पट्ट्यात मी चौदा वर्षं हेच काम करतोय, आधी एका दूध संघासाठी आणि मग साखर कारखान्यांसाठी. सुरुवातीला मीही हाच प्रश्न विचारला होता. आता वाटतं, त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न सोडवायला हवा होता.

तो प्रश्न डोळ्यांसमोर आणा. सकाळचे सात वाजलेत. ऊसतोड मजुरांच्या टोळीने पहाटेपासून तोडलेला ऊस दोन ट्रॉल्यांत भरून झालाय. ड्रायव्हरने ट्रॅक्टर सुरू केलाय, मुकादम चिठ्ठीची वाट बघतोय, शेतकरी बांधावर उभा आहे. खेपेची चिठ्ठी निघाल्याशिवाय गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर जाणार नाही, आणि चिटबॉयच्या हातातल्या मशीनवर नुसतं गोल फिरतंय. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर आहेत. अशा वेळी तो तुम्हाला फोन करतो. मशीन दुरुस्त झालं नाही तरी त्याला चालेल, त्याची गाडी हलली पाहिजे.

म्हणून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी समोरचं काम चालू करायचं, मग मशीनमधली नोंद सुरक्षित आहे का ते बघायचं, आणि मशीनला हात सगळ्यात शेवटी लावायचा. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते पुढे सांगतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. तुमचं ॲप नेटवर्क नसताना नोंद घेतं का? मशीन कारखान्याची आहेत की काही जण स्वतःचा फोन वापरतात? तुमचं कार्यक्षेत्र मांजरेच्या काठच्या सपाट भागात आहे की बालाघाटाच्या डोंगररांगांत? सपाटीवर एक टॉवर चार गावं सांभाळतो. डोंगरात एका वस्तीवर दोन रेघा दिसतात आणि ओढा ओलांडला की काहीच नाही. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की आहे तेही जातं. ॲप बिननेटवर्क चालत नसेल, तर बाकी काहीही करण्याआधी ते बनवणाऱ्यांच्या मागे लागा. प्रत्येक नोंद आधी मशीनमध्येच पक्की झाली पाहिजे. तिला तिथेच एक वेगळा क्रमांक मिळाला पाहिजे, म्हणजे नेटवर्क लटपटल्याने तीच नोंद तीनदा गेली तरी सर्व्हर ती एकदाच धरेल. हे नसेल तर तुमचा प्रत्येक दिवस दुबार नोंदी निस्तरण्यात जाईल.

आता गाडी हलवण्याबद्दल. आमच्या प्रत्येक चिटबॉयच्या पिशवीत एक कार्बनचं चिठ्ठीपुस्तक असतं. मशीनच्या पडद्यावर रकाने ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ते छापलेलं आहे: प्लॉट क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, टोळीचा कोड, वाहन क्रमांक, वेळ. मशीन पाच मिनिटांत चालू झालं नाही की हाताने चिठ्ठी फाडायची, गाडी सोडायची, मग मला फोन करायचा. काट्यावरच्या क्लार्कला अशा चिठ्ठीची सवय करून द्यावी लागते, नाहीतर तो गाडी अडवून ठेवतो आणि सगळी सोय वाया जाते. संध्याकाळी ती चिठ्ठी त्याच चिटबॉयने मशीनमध्ये भरायची. ऑफिसातल्या माणसाने भरली तर गावाचं नाव, गट नंबर, आडनाव यात चुका होतात. मशीन दिल्यावर पुन्हा वही कशाला, असं व्यवस्थापन म्हणेल. त्यांना एका सकाळी बंद मशीन आणि भरलेल्या ट्रॉलीजवळ उभं करा. माझ्याकडे हा विषय तिथेच मिटला.

दुसरी गोष्ट वेळेची. तुमचं ऑफिस दहाला उघडत असणार. फडातलं काम सहा-सातला सुरू होतं, म्हणजे सगळ्यात अडचणीचे तीन तास त्यांचा फोन उचलायला कुणीच नसतं. मग ते एकमेकांना विचारतात, आणि कुणीतरी ऐकीव उपाय सांगतो. नोंदी बुडतात त्या बहुतेक या ऐकीव उपायांनी. हंगामात एका माणसाची ड्युटी सकाळी साडेसहाला लावा आणि त्याला दुपारी लवकर सोडा. संध्याकाळी सहा ते आठ पुन्हा गर्दी होते. सगळे चिटबॉय आपापल्या गट ऑफिसच्या (कारखान्याच्या त्या भागातल्या कार्यालयाच्या) वायफायवर येऊन दिवसाच्या नोंदी पाठवत असतात. तेव्हाही कुणीतरी हजर हवं. साडेदहा ते चार फोन फारसे येत नाहीत. बाकीची कामं त्या वेळात करा.

फोनवर काय बोलायचं, हेही शिकावं लागतं. "काय एरर आला?" असं विचारलं की समोरचा गडबडतो. एरर इंग्रजीत असतो, तो त्याला वाचता येत नाही आणि ते कबूल करायला त्याला संकोच वाटतो. मी आधी विचारतो, "समोर गाडी उभी आहे का?" उभी असेल तर चिठ्ठी फाडायला सांगतो. मग विचारतो, "न गेलेल्या नोंदी किती दिसतायत?" हा आकडा पडद्यावर ठळक असायलाच हवा, ॲपवाल्यांकडून तो करून घ्या. आणि तिसरं म्हणजे स्वतःच्या फोनवरून मशीनच्या पडद्याचा फोटो काढून पाठवायला सांगतो, वरच्या पट्टीसकट. त्या पट्टीत घड्याळ, बॅटरी, नेटवर्क, विमानाचं चिन्ह, सगळं असतं.

दोन वर्षांपूर्वीची सकाळ सांगतो. आमचे एक मामा आहेत, वय पंचावन्नच्या पुढे, चिटबॉय म्हणून हयात गेली. त्यांचा फोन आला, "साहेब, मशीन आतच घीना गेलंय बघा. पिन बरोबर टाकलाय, चारदा टाकलाय." आमच्या नवीन पोराने पिन बदलून दिला. तरी आत घेईना. त्याने ॲप काढून पुन्हा टाकायला सांगायचं ठरवलं, तेवढ्यात मी म्हटलं, आधी फोटो मागव. फोटो आला. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, पानाने कापलं असणार. पडद्यावर दव. आणि वरच्या पट्टीत वेळ रात्री दोन वाजून दहा मिनिटं, तर बाहेर लख्ख ऊन. आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण उतरून मशीन बंद पडलं होतं. चालू झालं तेव्हा घड्याळ तारखेसकट फार जुन्या दिवसावर गेलं होतं आणि तिथेच राहिलं, कारण आपोआप वेळ घेण्याची सेटिंग कुणीतरी बंद केली होती. तारीख इतकी मागे गेली की मशीनला सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि ते जोडणीच करत नाही. पडद्यावर मात्र फक्त 'लॉगिन अयशस्वी' येतं. मामांना सेटिंगमध्ये जाऊन एक खटका चालू करायला सांगितला आणि मशीन चालू झालं. ॲप काढलं असतं तर त्यातल्या न गेलेल्या एकोणीस खेपा गेल्या असत्या.

आता क्रम उलटा झाला तर काय होतं ते सांगतो, कारण ते माझ्या हातून झालंय. सुरू लागणीच्या (जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उसाच्या) नोंदींचा काळ, मार्च महिना. एका चिटबॉयचं ॲप अडकत होतं. मी घाईत होतो. फोनवर सांगितलं, "सेटिंगमध्ये जा, ॲपमध्ये जा, क्लिअर करून टाक." मला म्हणायचं होतं क्लिअर कॅशे. त्याच पडद्यावर शेजारीच क्लिअर स्टोरेज असतं. त्याने ते दाबलं. कॅशे म्हणजे तात्पुरता पसारा, तो गेला तरी काही बिघडत नाही. स्टोरेज पुसलं की ॲपने मशीनमध्ये जपलेलं सगळं जातं. तीन दिवस नेटवर्क नसलेल्या भागात घेतलेल्या ४६ प्लॉटच्या नोंदी गेल्या. मी त्याच्यासोबत ते ४६ प्लॉट पुन्हा पायी फिरलो. त्याने एकदाही मला दोष दिला नाही. पण त्या बांधांवरून चालताना मला कळलं, की फोनवर सहज म्हटलेला एक शब्द एखाद्या माणसाचे तीन दिवस खाऊ शकतो.

आणि इथे दिवसांइतकीच तारीखही महत्त्वाची असते. लागणीची तारीख नोंदीत चुकली किंवा नोंदच हरवली, तर शेतकऱ्याचा तोडणीचा नंबर मागे जातो. २०२१-२२ चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. मराठवाड्यात ऊस इतका झाला होता की जून उजाडला तरी ठिकठिकाणी फड उभे होते. ऊस वाळतो, तुरा येतो, वजन घटतं आणि शेतकरी रोज गट ऑफिसच्या पायऱ्या चढतो. त्याच्या नावापुढची तारीख आपल्या मशीनमधून आलेली असते. म्हणून न पाठवलेली नोंद असलेल्या मशीनवर क्लिअर स्टोरेज, ॲप काढणं, फॅक्टरी रीसेट यातलं काहीही माझ्या परवानगीशिवाय करायचं नाही, असा आमच्याकडे लेखी नियम आहे. तो मलाही लागू आहे.

जीपीएसबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या विषयावरून शेतकऱ्याशी भांडणं होतात. उघड्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत असते. ऐकायला हे थोडं वाटतं. पण १० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा धरा. त्याची बाजू साधारण ३२ मीटर असते. एक बाजू पाच मीटर सरकली तर क्षेत्रात दीड गुंठ्याचा फरक पडतो, म्हणजे सुमारे पंधरा टक्के. हेक्टरभराच्या प्लॉटवर हीच चूक पाच टक्क्यांवर येते. आमच्याकडे वाटण्या होऊन तुकडे लहान झालेत, त्यामुळे या पाच मीटरचा मार लहान शेतकऱ्यालाच जास्त बसतो. म्हणून वीस गुंठ्यांच्या आतल्या प्लॉटला सातबारावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष ऊस किती भागात आहे हे शेतकऱ्यासमोर बघून ठरवावं, एकट्या जीपीएसवर विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे.

मशीन चालू केल्यावर जीपीएस लगेच लागत नाही. उपग्रहांची चालू माहिती आकाशातून उतरवून घ्यायला उघड्यावरही निदान अर्धा मिनिट लागतो, आणि मशीन बरेच दिवस बंद असेल तर बराच जास्त. नेटवर्क असलं तर हीच माहिती इंटरनेटवरून क्षणात मिळते. म्हणून बिननेटवर्कच्या शिवारात जीपीएस रेंगाळतो आणि फोन येतो, "मशीन खराब झालंय." खराब काहीच नसतं. पहिल्या कोपऱ्यावर उभं राहून एक-दोन मिनिटं थांबायचं, अचूकतेचा आकडा दहा मीटरच्या खाली आला की चालायला लागायचं. मशीन खिशात न ठेवता छातीच्या वर धरायचं. ऊस डोक्याच्या वर गेला की ओल्या पानांतून सिग्नल नीट येत नाही. त्यामुळे मोजणी ऊस गुडघ्याएवढा असतानाच उरकून घेणं सगळ्यात चांगलं. ॲपमध्ये दहा मीटरची अट घाला, पण कारण लिहून पुढे जाण्याची वाटही ठेवा. अट फार कडक केली की दिवसाला चाळीस प्लॉटचं उद्दिष्ट असलेला माणूस रस्त्यावर उभा राहून आकडा भरतो. असं कुणी करताना सापडलं तर रागवण्याआधी त्याचं उद्दिष्ट किती आहे ते बघा.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२-४३ च्या पुढे जातो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. मशीन स्वतःच चार्जिंग थांबवतं किंवा अगदी हळू करतं. माणसाला वाटतं चार्जर गेला. तो बाजारातून शंभर रुपयांचा चार्जर आणतो आणि मग खरोखर बिघाड होतो. दुचाकीच्या डिकीत किंवा टाकीच्या कव्हरवर ठेवलेलं मशीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. ते सावलीत अर्धा तास ठेवून मग चार्जिंगला लावायचं, फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात नाही. हँडलच्या होल्डरला मशीन लावून दिवसभर फिरवणंही मी बंद केलंय. सततच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याचा फोकस बिघडतो आणि मग क्यूआर वाचता येत नाही.

चार्जिंगच्या पिनेत काळ्या मातीची धूळ आणि उसाचा भुसा दबून बसतो. केबल बसल्यासारखी वाटते आणि हलली की सुटते. मशीन बंद करून लाकडी काडीने हलक्या हाताने ती पिन साफ करायची. सुई किंवा टाचणी लावायची नाही. हे मी प्रत्येक गटात दोन माणसांना करून दाखवलंय. चार्जिंगच्या तक्रारींतल्या निम्म्याहून जास्त एवढ्यावरच मिटल्या. खरेदी करताना आयपी६७ असं लिहिलेलं मशीन घेतलं तर धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतं. पण पिनेचं किंवा पाठीचं रबरी झाकण तुटलेलं असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. झाकणं सुटी मिळतात, ती आधीच मागवून ठेवा.

प्रिंटरची सगळ्यात जास्त येणारी तक्रार असते, "कागद निघतोय पण कोराच." जवळपास दर वेळी रोल उलटा बसवलेला असतो. थर्मल कागदाला एकाच बाजूने लेप असतो. नखाने जोरात ओढून बघायचं. ज्या बाजूला काळी रेघ उठते ती बाजू छपाईच्या डोक्याकडे यायला हवी. दोन वाक्यांत फोनवर सुटणारी गोष्ट आहे. दुसरी गोष्ट शेतकऱ्याला सांगायला हवी आणि ती कुणी सांगत नाही. तो चिठ्ठी जपून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतो आणि चार महिन्यांनी ती कोरी निघते. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातली द्रव्यं थर्मल छपाई उडवतात, ऊन आणि उष्णताही उडवते. त्याला कागदाच्या पाकिटात ठेवायला सांगा, किंवा चिठ्ठीचा फोटो काढून ठेवायला सांगा. पुढे बिलावरून काही वाद झालाच तर त्याच्या हातात तेवढाच पुरावा असतो.

आता मशीनच्या आतल्या सेटिंग. अँड्रॉइड ६ पासून, मशीन चार्जिंगला नसेल आणि पडदा बंद करून नुसतं पडून असेल, तर बॅटरी वाचवायला ॲप झोपवलं जातं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे फारच कडक असतं. चिटबॉय रात्री मशीन तसंच ठेवून देतो, त्याला वाटतं नोंदी आपोआप गेल्या, सकाळी बघतो तर सगळ्या तिथेच. तुमच्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या आणि तरीही 'पाठवा' हे बटण ठळक ठेवा. 'सिंक' हा शब्द काढून टाका. आम्ही तो काढला आणि तेवढ्याने फोन कमी झाले.

मशीनमध्ये कुणाचंही वैयक्तिक जीमेल टाकू देऊ नका. अँड्रॉइड ५.१ पासून, सेटिंगमधून न करता बाहेरच्या बटणांनी रीसेट केलेलं मशीन आधीच्या खात्याचा पासवर्ड दिल्याशिवाय सहसा उघडत नाही. माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला, त्याला स्वतःलाच पासवर्ड आठवत नाही, आणि चांगलं मशीन कपाटात पडून राहतं. माझ्याकडे अशी पाच साठली होती. यावरचा इलाज म्हणजे मशीन पहिल्यापासून संस्थेच्या ताब्यात घेणं, म्हणजे एमडीएम (सगळी मशीन एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर). नवीन किंवा रीसेट केलेल्या मशीनच्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर वाचणारा कॅमेरा उघडतो. तुमच्या एमडीएमचा क्यूआर दाखवला की पुढचं सगळं आपोआप बसतं. घड्याळाची सेटिंग कुलूपबंद करता येते, नको ती ॲप बंद ठेवता येतात. मात्र कुणी स्वतःचा फोन वापरत असेल तर त्याच्या अख्ख्या फोनवर ताबा घेऊ नका. त्यात कामापुरता वेगळा कप्पा करता येतो, तेवढाच करा.

एमडीएमची मला सगळ्यात उपयोगी वाटणारी गोष्ट जाहिरातीत कुठे नसते. ती म्हणजे कोणतं मशीन शेवटचं कधी बोललं याची यादी. रोज सकाळी मी ती बघतो. चोवीस तास गप्प असलेल्या मशीनच्या माणसाला मीच फोन लावतो. "अप्पा, काल मशीन दिसलं नाही, सगळं ठीक ना?" कधी मशीन बिघडलेलं असतं, कधी घरात कुणी आजारी असतं. दोन्ही मला कळायला हवं.

याच यंत्रणेतून माणूस दिवसभर कुठे आहे हेही दिसतं. ते बघायचा मोह वरिष्ठांना होतोच. कामाच्या वेळेबाहेर ठिकाण नोंदवणं बंद ठेवा, आणि काय दिसतं व काय दिसत नाही हे सगळ्यांना पहिल्याच बैठकीत मराठीत सांगा. ज्यांना वाटलं की हे मशीन आपल्यावर नजर ठेवायला दिलंय, ते मशीन घरी ठेवून वहीवरच काम करतात. तिथे तुमचा कोणताही सपोर्ट पोचत नाही.

अपडेट हंगामात सगळ्यांना एकदम सोडू नका. आमच्याकडे नवीन आवृत्ती आधी तिघांना जाते. एक हुशार पोरगा, एक मधला, आणि तिसरे मामा. चार दिवस तिघांचं चाललं तर एका गटाला, मग बाकीच्यांना, तेही रात्री. जुनी आवृत्ती बंद करायची असेल तर तिच्यातल्या न गेलेल्या नोंदी आधी घेऊन मगच कुलूप लावा.

जादा मशीन किती ठेवावीत? माझा हिशेब दहाला एक असा आहे, म्हणजे तुम्हाला सात. पण ती कारखान्यावर न ठेवता गट ऑफिसांत ठेवा. चाळीस किलोमीटर यायचं, सही करून मशीन घ्यायचं, परत जायचं, यात चिटबॉयचा दिवस आणि खिशातलं पेट्रोल जातं. गटाच्या क्लार्कने आठवड्याला एकदा ती चालू करून अपडेट घ्यायची आणि अर्ध्या चार्जवर बंद करून ठेवायची. पूर्ण उतरवून ठेवलेली बॅटरी कायमची मरू शकते. प्रत्येक मशीनच्या पाठीवर मोठा आकडा चिकटवा. मशीन नंबर ४३ म्हटलं की पुरे, आयएमईआयचे (मशीनच्या कायमच्या ओळख क्रमांकाचे) पंधरा आकडे फोनवर कुणाला वाचायला लावू नका. ते तुमच्या यादीत आधीच असले पाहिजेत, कारण मशीन हरवलं तर लागतात.

हरवलं तर आधी पोलिसात तक्रार, मग सिम बंद करून दुसरं घेणं, मग संचार साथी या सरकारी पोर्टलच्या सीईआयआर (हरवलेले फोन बंद करायच्या) सेवेवर आयएमईआय ब्लॉक करणं, हा क्रम. ही सोय २०२३ पासून देशभर आहे. तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, बिल जवळ असावं. मशीनमध्ये शेतकऱ्यांची बँक खाती असतात, म्हणून पडद्याला पिन हवाच. मशीन दूरून पुसून टाकण्याआधी एक दिवस थांबता येईल का ते बघा. बऱ्याचदा ते एखाद्या ट्रॅक्टरच्या सीटखाली सापडतं, न गेलेल्या नोंदींसकट.

राहिलं रिमोट सॉफ्टवेअर. घ्या, उपयोग आहे. पण साध्या अँड्रॉइडवर पडदा दाखवायला समोरच्याला परवानगीचं बटण दाबावं लागतं, आणि बऱ्यापैकी नेटवर्क लागतं. ज्या फडातून फोन येतो तिथे नेमकं तेच नसतं. त्यामुळे ते संध्याकाळी, गट ऑफिसच्या वायफायवर, सेटिंग नीट करायला कामी येतं. तुमच्या एमडीएममध्येच ही सोय असेल तर वेगळं विकत घेऊ नका. आणि वायफायच नसलेल्या गट ऑफिसांत आधी ते बसवा. सॉफ्टवेअरच्या वर्षभराच्या पैशांत दोन-तीन ठिकाणी तरी होईल, आणि त्याने जास्त फोन कमी होतील.

व्हॉट्सॲप ग्रुपचा उपयोग फक्त सूचनांसाठी करा. तक्रारी तिथे आल्या की शुभेच्छांखाली बुडतात. प्रत्येक फोन एका वहीत लिहा: वेळ, मशीन नंबर, गाव, त्याने स्वतःच्या शब्दांत काय सांगितलं, आणि शेवटी काय निघालं. तो "चक्री फिरतीय" म्हणाला तर तेच लिहा. पंधरा दिवसांनी मोजलं की पाच-सहा कारणंच पुन्हा पुन्हा दिसतील, आणि ती मी वर लिहिलेल्यांपैकीच असतील असं नाही. तुमचा भाग, तुमचं ॲप, तुमची मशीन वेगळी आहेत.

आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी एक दिवस एखाद्या चिटबॉयच्या मागे दुचाकीवर बसून फिरा. पहाटे निघा, त्याच्याच वेळेला. सोबत लॅपटॉप नेऊ नका. तो मशीन कुठल्या खिशात ठेवतो, ओल्या बोटांनी कसं दाबतो, उन्हात पडदा दिसावा म्हणून कसा वळून उभा राहतो, एवढं बघा. आमच्या ॲपचं 'पाठवा' हे बटण आज खाली उजवीकडे आणि अंगठ्याएवढं मोठं आहे, ते अशाच एका फेरीनंतर झालं. तुमच्या वहीचे पहिले पंधरा दिवस भरले की इथेच लिहा, कोणत्या तक्रारी जास्त निघाल्या ते. मी बघून सांगतो.